ऊन थंडीत उभं असतं

जूनच्या एका शुक्रवारी खानविलकर साहेब दुबईतल्या अल मनखूल भागातल्या आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये हातात लोकरीचा स्वेटर आणि माकडटोपी घेऊन उभे होते. बाहेर त्रेचाळीस डिग्री होतं. माझ्या मुलीनं विचारलं, "अंकल, आर यू गोइंग टू द नॉर्थ पोल?" ते गंभीरपणे म्हणाले, "नाही बेटा, फुजैराला." आणि खरोखरच समुद्रकाठच्या, तितक्याच तापलेल्या फुजैराला गेले.

आम्ही एकाच कंत्राटदार कंपनीत होतो. ते एसीचे डिझाइन इंजिनिअर, मी एस्टिमेशनला. जवळजवळ तीस वर्षं त्यांनी आखातातल्या इमारतींमधून उष्णता बाहेर काढली होती. इमारतीबद्दल बोलताना ते म्हणत, "गळकी बादली आहे ती. आधी गळती, मग भरती." नवीन इंजिनिअर मोठं मशीन मागायला आला की ते आधी त्याला खिडक्यांच्या फटी मोजायला पाठवत. माणूस तसा कंटाळलेलाच दिसायचा. जेवणाचा डबा उघडतानाही सुस्कारा सोडायचा.

त्यांची मुलगी वैदेही हिमाचलातल्या एका उंच खोऱ्यात निवासी शाळेत शिकवत होती. ती लहानपणापासून पुण्यात आजीकडे वाढली. बाप वर्षातून महिनाभर दिसायचा. त्या शाळेची अडचण अशी, की थंडीत वर्ग बंद करावे लागत आणि दहावीची परीक्षा मात्र मार्चमध्ये. सरपण महाग, रॉकेल मोजकं. ऊन मात्र रोज लख्ख. तिनं फोनवर सांगितलं, "बाबा, तुम्ही अर्धी दुबई गार केलीत. मला एक खोली गरम करून द्या."

"तिनं आजवर माझ्याकडे काही मागितलं नव्हतं हो, पेठे," ते मला म्हणाले. एवढंच. आणि आराखडा काढायला बसले.

काचेच्या पेटीत काळा पत्रा, हे पॅनल; उन्हानं तापलेली हवा एका लहान पंख्यानं खोलीत, आणि रात्रीसाठी दगडांनी भरलेला कट्टा. पाणी मुद्दाम नव्हतं, कारण पाणी गोठतं. पण हे सगळं तपासायला थंडी हवी. आखातात थंडी कुठून आणणार? ती त्यांनी फुजैराला, रत्नागिरीकडच्या इब्राहिमभाईंच्या मासळीच्या शीतगृहात शोधली. आत उणे अठरा. एका कोपऱ्यात प्लायवूडची लहानशी खोली, तिथून भिंतीतून नळी वर, गच्चीवरच्या पॅनलपर्यंत.

इब्राहिमभाई पहिल्या दिवशी हसून हसून खोकले. "साहेब, लोक माझ्याकडं मासे ठेवायला येतात. तुम्ही खोली ठेवायला आलात! यल्ला, चला, दार लावा आधी, माझी सुरमई उकडेल." पण भाडं त्यांनी घेतलं नाही. "शाळेचं काम हाय ना? खलास. पैशाचं बोलू नका."

पूर्ण उन्हाळा प्रत्येक शुक्रवार असा गेला. मी दोनतीनदा सोबत गेलो. आकडे टिपायला मला आवडतं आणि त्यांना सोबत लागे. सप्टेंबरात प्लायवूडची खोली भर बर्फात एकवीस डिग्रीला स्थिर राहिली. रात्रीही फार उतरली नाही. त्या संध्याकाळी ते आमच्या घरी आले, आमच्या फोनवरून वैदेहीला आकडे वाचून दाखवले. मी स्पीकर चालू केला होता.

तिनं सगळे आकडे ऐकून घेतले. मग म्हणाली, "बाबा, पॅनल कुठे होतं?"

"गच्चीवर."

"फुजैराच्या?"

"मग? ऊन तिथेच ना."

"बाबा," ती हळू म्हणाली, "आमच्याकडे ऊनसुद्धा थंडीतच उभं असतं."

फोन ठेवल्यावर खानविलकर साहेबांनी कागद-पेन माझ्यापुढे सरकवलं. चूक उघड होती. गच्चीवरची हवा चाळीसच्या वर असताना पॅनल बाहेर काही गमावतच नव्हतं. खोऱ्यात तेच पॅनल उणे दहात उभं राहणार. मी कागदावर मांडून पाहिलं: गोळा केलेली निम्मी उष्णता काचेतूनच निघून जात होती.

"तीस वर्षं थंडी मी फक्त दाराच्या आत पाहिली," ते म्हणाले. "ती बाहेर असते, हे डोक्यातच आलं नाही."

आता दुबईत तपासण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिकडे जाऊनच बांधावं लागणार होतं, तेही बर्फ पडायच्या आत. कंपनीनं रजा नाकारली. एका टॉवरचा ताबा द्यायचा होता. त्यांनी राजीनामा लिहिला. निवृत्तीला दोन वर्षं होती. "तेवढी काढा की," मी म्हटलं. "पुढच्या वर्षी जा."

"ही मुलं पुढच्या वर्षी दहावीत नसतील, पेठे."

व्हिसा रद्द झाला, घर आवरलं. निरोप द्यायला फुजैराहून इब्राहिमभाई आले. "साहेब, तिकडं तर सगळं गावच शीतगृह, तेबी बिनभाड्याचं," म्हणाले आणि डोळे पुसले.

पुढचं मला तुटक तुटक कळत गेलं. पॅनल त्यांनी सोडूनच दिलं. वर्गाची दक्षिणेची जाड दगडी भिंत काळी रंगवली, तिच्यापुढे दुहेरी काच उभी केली. दिवसभर भिंत तापते, रात्री ती उष्णता आत सोडते. खिडक्यांच्या फटी मुलांकडून बुजवून घेतल्या. उंचीचा त्यांना त्रास होत होता. वैदेही खाली जा म्हणायची आणि ते ऐकत नव्हते.

जानेवारीत एका दुपारी शाळेचा फोन एकदाचा लागला. वैदेहीनं उचलला. मी आधी आकडा विचारला.

"सकाळी वर्गात नऊ डिग्री होतं, काका. बाहेर उणे सोळा. बाबांनी पंधरा म्हटलं होतं."

"म्हणजे कमी पडलं."

"पडलं. मुलं टोप्या घालून बसतात. पण बसतात."

"साहेबांना दे."

तिनं फोन बाजूला धरून वर्गात डोकावलं. "ते वर्गातच झोपलेत, भिंतीला पाठ लावून. मुलं हळू आवाजात वाचतायत. उठवू का?"

"नको," मी म्हटलं.