उशांच्या दुकानाचे मुद्रितशोधक

वेलांटीकाका निवृत्त झाले होते, पण ही गोष्ट त्यांना कुणी नीट समजावून सांगितली नव्हती. उभं आयुष्य त्यांनी एका छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवलं. छपाईला जाण्याआधी प्रत्येक कागद त्यांच्या टेबलावर यायचा, ते लाल पेन घेऊन त्यावर तुटून पडायचे आणि कागद जखमी होऊन परत जायचा. यांच्यावाचूनही आपला छापखाना चालेल असं मालकाला एक दिवस वाटलं, आणि छापखाना खरंच चालला. हे दुःख काकांना अजून पचलेलं नाही.

घरी बसल्यावर लाल पेनाला काही तरी खाद्य हवंच. जिन्यातल्या फळ्यावरची पाणी बंद असल्याची सूचना, औषधाच्या खोक्यातला घडीचा कागद, खालच्या न्हाव्याच्या दुकानाची पाटी, काहीही चालायचं. शेजारच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली, ती काकांनी तपासून, तारीख घालून, शेजाऱ्यांच्या दाराखालून परत सरकवली. एवढी मोफत सेवा करूनही शेजारी जिन्यात भेटले की भिंतीकडे बघून चालू लागले. एकदा एका मयताच्या घरी काका दारातल्या फलकासमोर इतका वेळ मान खाली घालून उभे राहिले, की घरच्यांना भरून आलं. काका 'श्रद्धांजली'तलं जोडाक्षर बघत होते.

काकू मात्र यातलं काही मनाला लावून घेत नसत. "लग्न ठरलं तेव्हा मी यांना एक पत्र लिहिलं होतं," त्या नव्या माणसाला आवर्जून सांगत. "उत्तर आलं म्हणून धावत जाऊन पाकीट फोडलं, तर आत माझंच पत्र. लाल शाईत."

अशा या घरात सून आली आणि तिने उशांचं दुकान काढलं. दुकान म्हणजे इंटरनेटवरचं. घरात फक्त एक खोली, खोलीत शिलाई यंत्र, कापडाचे तागे आणि जिकडेतिकडे कापूस. मुलगा कारखान्यातून पाळी संपवून आला की झोपायच्या आधी अंथरुणावरून कापूस झटकायचा, काकू चहातून कापूस काढायच्या, आणि काकांच्या चष्म्यावर सतत एखादा तंतू असायचा, जो त्यांना अनुस्वार वाटायचा. उशी मात्र खरोखर गुणाची होती. मधे खोल, कडेला उंच, मान आखडलेल्या माणसासाठी मुद्दाम बेतलेली. चांगली कचेरीतली नोकरी सोडून सुनेने हे धाडस केलं होतं, आणि वर्षभरात बस्तान बसलं नाही तर मुकाट्याने कचेरीत परत जाईन, असा शब्द तिने नवऱ्याला दिला होता. जुने साहेब अधूनमधून फोन करून तिच्या रिकाम्या खुर्चीची खुशाली सांगत, तेव्हा तिचा चेहरा उतरायचा.

सुनेच्या बोटांत कसब होतं, पण ते सुईपुरतं. दुकानाच्या पानावरचा मजकूर ती एक पाय यंत्रावर ठेवून फोनवर लिहायची. 'आमच्या उश्या विश्वासाहार्य आहेत', 'नाही आवडल्यास पैसे परत मिळतिल', 'निट झोपा'. फोटो सुंदर, किंमत रास्त, माणसं पानावर यायची, बघायची आणि काहीही न घेता निघून जायची. का जातात ते कळेना. शेवटी एका परोपकारी माणसाने जाता जाता लिहून ठेवलं, 'ज्यांना विश्वासार्ह हा शब्द लिहिता येत नाही, त्यांच्याकडे माझा पत्ता आणि पैसे देऊ? सकाळी दुकान गायब झालं तर कुणाला धरायचं?'

जेवताना सुनेने ते वाचून दाखवलं. मुलगा म्हणाला, "लोकांना काय, नावं ठेवायला काहीतरी हवं." काकू म्हणाल्या, "उशीवर झोपायचं असतं की वाचायचं असतं?" काकांनी मात्र चेहरा अतिशय गंभीर केला. आतून त्यांना आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. इतक्या वर्षांनी जगाला त्यांची गरज पडली होती, आणि तीही घरातल्या घरात.

"बाबा, तुम्ही बघाल का जरा?" सून म्हणाली.

"बघतो," काका म्हणाले, जणू काही फार मोठी मनधरणी झाल्यावर नाइलाजाने तयार होत आहेत.

सुनेने त्यांना परवलीचा शब्द दिला आणि काकांनी पान हातात घेतलं. श्रेय द्यायचं तर इथे द्यावंच लागेल. काकांनी पान असं लख्ख केलं की तेच फोटो आणि तीच उशी एकाएकी सभ्य घरातली वाटू लागली. येणारी माणसं थांबली, उशा घेऊ लागली, आणि घेतल्यावर दोन शब्द लिहूही लागली. सुनेने मदतीला एक शिवणारी बाई ठेवली. काका सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून संगणकासमोर बसू लागले. आपल्या वेलांट्यांवर घर चाललंय असं ते कुणाला म्हणत नसत, कारण ऐकायला कुणी थांबत नसे.

मग ती मोठी संधी आली. आजारातून उठलेल्या माणसांना राहायला एक मोठं विश्रामगृह होतं, तिथल्या व्यवस्थापक बाईंना प्रत्येक खाटेसाठी मानेची उशी हवी होती. त्या म्हणाल्या, तुमचं पान नीट बघते, लोकांनी काय लिहिलंय ते वाचते आणि दोन-तीन दिवसांत कळवते. हे काम मिळालं तर कचेरीचं भूत कायमचं उतरणार होतं. सून त्या दिवशी यंत्रावर बसली आणि धागा ओवायचाच विसरली.

मोठा पाहुणा येणार म्हटल्यावर माणूस घर झाडतो. काकांनी दुकान झाडायला घेतलं. सुनेचा मजकूर तर चकचकीत होता. कचरा उरला होता तो ग्राहकांचा. काय ती भाषा! कुणी 'ऊशी', कुणी 'पन', कुणी पूर्णविरामाला जन्मात न भेटलेला. काकांनी कुणाला न विचारता बाह्या सरसावल्या.

इथे काकांच्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. कागदावर लाल पेनाने कितीही फुल्या मारा, मूळ अक्षर खाली दिसतच राहतं. लेखक येतो, बघतो, पटलं नाही तर दुरुस्ती खोडून 'होतं तसं ठेवा' असं समासात लिहितो. काकांचे किती तरी विजय असे समासात धुळीला मिळाले होते. संगणकाला मात्र समास नाही. जुनं खोडलं की गेलं, लेखक कुठेतरी लांब उशीवर झोपलेला, आणि भांडायला कुणी नाही. ही सोय काकांना फारच आवडली.

पानावर प्रत्येकाच्या नावाखाली त्याचा कामधंदाही दिसायचा. एका मालट्रकच्या चालकाने लिहिलं होतं, 'ऊशी एक नंबर. मान मोकळी झाली. झोप लागते. बायको बोलते घोरन पन कमी झाल.' काकांनी त्याचं केलं, 'ही उशी उत्कृष्ट आहे. तिच्या नियमित वापराने माझ्या मानेची व्यथा दूर झाली असून आता मला गाढ निद्रा लाभते. शिवाय माझ्या घोरण्याचे प्रमाणही घटल्याचे माझी पत्नी सांगते.' वसतिगृहातल्या पोराला, पाठ धरलेल्या आजीला, दिवसभर मान खाली घालून बसणाऱ्या घड्याळजीला, सगळ्यांनाच निद्रा लाभू लागली आणि प्रत्येकाच्या वाट्याला एकेक अर्धविराम आला. एका नाराज माणसाने फक्त 'कापुस गोळा झाला, फालतु' एवढंच लिहिलं होतं, जे कुणाच्या नजरेतही येत नव्हतं. काका तक्रारीवर अन्याय कसा करतील? त्यांनी लिहिलं, 'काही काळाच्या वापरानंतर उशीतील कापूस एका बाजूस गोळा होतो, ही बाब ग्राहकाच्या दृष्टीने अत्यंत निराशाजनक आहे.' वाचून धडधाकट उशी घेतलेल्यालाही ती परत करावीशी वाटावी.

दोन दिवसांनी बाईंचा फोन आला. सुनेने हौसेने तो सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. काका जवळची खुर्ची घेऊन बसले.

"तुमच्या उशा घेणारे सगळे एकाच वर्गात शिकले का हो?" बाई म्हणाल्या.

सुनेला काही कळेना. "म्हणजे?"

"म्हणजे सगळे सारखंच बोलतात. मालट्रक चालवणाऱ्या माणसाला गाढ निद्रा लाभते? माझा भाऊ तेच काम करतो, त्याला झोप लागते. हे बघा, दुकानाच्या लिहिण्यात चुका असल्या तर दुकान गबाळं वाटतं, हे खरं. पण ग्राहकांच्या लिहिण्यात एकही चूक नसली, तर ग्राहक भाड्याने आणलेले वाटतात."

"नाही हो बाई, खरी माणसं आहेत सगळी!"

"असतील तर चांगलंच. त्या चालकालाच सांगा मला फोन करायला. आज-उद्या आला तर ठीक, नाहीतर मी दुसरीकडे बघते."

फोन बंद झाला. सुनेने दुकानाचं पान उघडलं आणि ती ग्राहकांनी लिहिलेलं पहिल्यापासून वाचू लागली. तिने मान वर केली, तेव्हा काका खिडकीतून बाहेर काहीतरी फार महत्त्वाचं बघत होते.

"बाबा, तुम्ही लोकांच्या लिहिण्याला हात लावलात?"

"हात नाही लावला. दुरुस्त केलं."

"कुणाला विचारून?"

"चूक दिसल्यावर विचारायचं काय असतं?"

"मला विचारा," आतून काकूंचा आवाज आला. "माझं पाकीट अजून कपाटात आहे."

सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. ती ओरडली असती तर काकांना सोपं गेलं असतं. ओरडणाऱ्या माणसाच्या वाक्यातही त्यांना काहीतरी सापडतं. ती नुसतीच मांडीवरच्या अर्धवट उशीचा कापूस दाबत राहिली.

"त्यात काय एवढं," काका घाईघाईने म्हणाले. "मला एकूण एक चूक पाठ आहे. जिथल्या तिथे परत घालतो."

"म्हणजे पुन्हा तुम्हीच लिहिणार, त्यांच्या नावाने?" सून म्हणाली. "बाई तेच तर म्हणताहेत, बाबा."

दुसऱ्याच्या नावाखाली आपलं लिहिणं याला छापखान्यात बनावट म्हणतात हे काकांना चांगलं ठाऊक होतं, आणि तो शब्द त्यांनी आयुष्यात एकदाही स्वतःसाठी वापरला नव्हता. पार्सलच्या नोंदीत पत्त्याबरोबर चालकाचा नंबर होता. सुनेने तो लावून फोन त्यांच्या हातात दिला. "तुम्ही बोला," ती म्हणाली आणि उठून यंत्रावर जाऊन बसली.

पलीकडे गाड्यांचा गोंगाट होता. काकांनी आपण कोण, कुठून बोलतोय ते सांगितलं, आणि आढेवेढे घेत का होईना, आपण काय केलं तेही सांगितलं.

"ते तुम्ही केलं होय!" चालक म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "मला वाटलं, मोठ्या दुकानांत असं आपोआप होत असेल."

"नाही. मीच केलं."

"गाडी लावून बसलो होतो, माल उतरायचा होता. तेव्हा लिहिलं ते. सगळा वेळ त्यातच गेला. दहा वेळा खोडलं असेल. असं चारचौघांत कुठे लिहायची पहिलीच वेळ ना. घरी गेलो आणि पोरीला म्हटलं, बघ, तुझ्या बापाने लिहिलेलं आलंय. उघडलं तर हे. पोरगी म्हणते, हे तुम्ही नाही लिहिलं. मी म्हटलं, अगं मीच लिहिलंय. तर म्हणते, बाबा, खोटं कशाला बोलता."

काकांनी चष्मा काढून त्यावरचा कापूस पुसला.

"चुकलं माझं," ते म्हणाले. काकूंनी हे स्वयंपाकघरात ऐकलं आणि नळ बंद केला.

"असू द्या हो, काका."

"त्या विश्रामगृहाच्या बाईंशी बोलाल का तुम्ही? सुनेचं काम अडलंय त्यावर."

"बोलेन की. उशी चांगलीच आहे, त्यात लपवायचं काय? नंबर पाठवा, आत्ता लावतो."

यंत्राचा आवाज थांबला होता. सून दारात येऊन उभी होती आणि काकांच्या चेहऱ्याकडे बघत होती. काकांनी तिला मानेनेच हो म्हणून सांगितलं. तिने दाराच्या चौकटीला डोकं टेकलं आणि मोठा श्वास सोडला. काम झालं होतं, फोन ठेवायला हरकत नव्हती. काकांनी ठेवला नाही.

"तुमची मुलगी असते का घरी?" त्यांनी विचारलं. "तिच्याशी मला बोलू द्याल का? मी सांगतो तिला, आधीचं तुम्हीच लिहिलं होतं, मी ते बदललं म्हणून."



"नको काका," चालक म्हणाला. "तिला वाटेल, मीच कुणालातरी सांगायला लावलं."