माझ्या वाट्याचं पाणी

"गॉलब्लॅडर कार्सिनोमा," नांदेडच्या डॉक्टरांनी रिपोर्टवर बोट ठेवून सांगितलं. म्हणजे पित्ताशयाचा कर्करोग. मला आधी आठवली माझी जाऊ. तिच्या पित्ताशयात नुसते खडे निघाले होते. तिला खडे आणि मला हे? मी हेवेखोर बाई आहे, आधीच सांगून टाकते.

दोन महिने डोळे पिवळे होते, अंगाला खाज होती. अहमदपुरात सगळे कावीळ म्हणाले आणि मी शिकलीसवरली मास्तरीण झाडपाला खात बसले. तुम्ही बसू नका. कावीळ उतरत नसेल तर सोनोग्राफी करून घ्या.

पित्त वाहून जायला आत नळी टाकली, तिला स्टेंट म्हणतात. गाठ यकृतात शिरली होती, ऑपरेशन होणार नव्हतं. उरली केमोथेरपी: जेमसिटाबीन आणि सिसप्लॅटिन, दोन्ही सलाइनमधून. पहिल्या दिवशी, आठव्या दिवशी, मग सुट्टी, आणि तीन आठवड्यांनी पुन्हा तेच.

"सिसप्लॅटिननं मूत्रपिंडाला त्रास होतो," डॉक्टर म्हणाले. "घरी रोज तीन लिटर पाणी प्यायचं. तेही औषधच समजा."

दुष्काळाचं वर्ष. आमच्या गल्लीत टँकर आठवड्याला एकदा यायचा. मुलानं माझी कळशी वेगळी काढून तिच्यावर खडूनं 'आई' लिहिलं. सून बाळंतीण होती, वाटीभर पाण्यात लंगोट खळबळायची. मला बघवेना. मी रोज दोन तांबे प्यायचे आणि उरलेली कळशी कुणाचं लक्ष नसताना तिच्या रांजणात ओतायचे. फार मोठं पुण्य करतेय असं वाटायचं.

दवाखान्यात माझ्या शेजारच्या खुर्चीवर मुखेडकडची शांताबाई असायची. तोच आजार, तीच औषधं, तोच वार. तिच्या सीटी स्कॅनमध्ये गाठ आकसलेली दिसली. माझं औषध मात्र दोनदा पुढं ढकललं, कारण क्रिएटिनिन वाढलं होतं. मूत्रपिंड थकलं की रक्तात ते वाढतं. मी तिला तोंडभरून "बरं झालं" म्हणाले आणि आतून नुसती जळत होते. बाहेर बाकड्यावर माणसं नवा जिल्हा कुठं व्हावा यावर भांडत होती. त्यांचंही माझ्यासारखंच चाललं होतं: त्यांना मिळतं, आम्हाला का नाही?

तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, "पाणी पिता ना?"

"तीन लिटर," मी म्हणाले. जन्मभर पोरांना खरं बोला म्हणून शिकवलं होतं.

"खोटं बोलून राहिल्या बाई," शेजारून शांताबाई म्हणाली. "सकाळधरनं एकदा तरी लघवीला उठल्या का?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "असंच राहिलं तर सिसप्लॅटिन बंद करावं लागेल. मग माझ्या हातात फारसं काही उरत नाही."

ते गेल्यावर मी तिच्यावरच उखडले. "तुमच्या विहिरीला पाणी आहे. तुमचं काय जातंय बोलायला?"

"हाव, हाय ना पाणी. लई न्हाई, पर हाय. मग मागायचं की. जळत काय बसताव?"

घरी सगळं कबूल केलं. सून रडत म्हणाली, "तुम्ही गेल्यावर त्या रांजणाचं मी काय करू, आत्या?"

मुखेडच्या बाजारादिवशी शांताबाईच्या मालकानं वीस लिटरचा कॅन अहमदपूरच्या एसटीत ठेवून दिला. मग दर बाजाराला कॅन येऊ लागला. उकळून, गार करून मी तांब्यामागून तांब्या प्यायले. क्रिएटिनिन उतरलं, औषध पुन्हा सुरू झालं.

माझी गाठ घटली नाही, पण वाढलीही नाही. डॉक्टर म्हणतात, हेही यशच. तुमच्यावर ही वेळ आली तर घरच्यांसाठी पाणी वाचवू नका, आणि डॉक्टरांशी खोटं बोलू नका.

शांताबाईची गाठ इतकी आकसली की तिचं ऑपरेशन झालं. तिचा मला अजून हेवा वाटतो, रोज वाटतो. तिनं धाडलेल्या पाण्याचा तिसरा लिटर संपवताना तर जरा जास्तच.