एकच ऑब्जेक्ट, चाळीस बाळं

चाळीसच्या चाळीस ओळींत एकाच बाळाचं नाव. मी रिफ्रेश मारलं, परत तेच. दवाखान्याची लसीची यादी होती ती. परळच्या एका सॉफ्टवेअरच्या ऑफिसात आम्ही दोघी ट्रायलवर, दोघींतली एकच ठेवणार होते, आणि सर खुर्ची सरकवून उठलेच.

चूक मला लगेच कळली. जावास्क्रिप्टमध्ये प्रत्येक बाळाचं एक ऑब्जेक्ट बनवायचं, त्यात नाव, जन्मतारीख, लस. लूप म्हणजे तेच काम दर बाळासाठी परत परत करणाऱ्या ओळी. मी त्या लूपच्या बाहेर एकदाच 'न्यू ऑब्जेक्ट' लिहिलेलं आणि आत त्याच्यातच डॉट देऊन देऊन एकेकाचं भरत गेले. आमच्या लालबागच्या खोलीत एकच टोप घासून त्यातच भात, त्यातच आमटी, त्यातच दूध. दर वेळी नवीन कशाला काढा, असं वाटलं मला. पण यादीत चाळीस वेळा तोच टोप गेला, आणि शेवटी जे घातलं तेच सगळीकडे.

ट्रायलवरची दुसरी प्रभादेवीची, माझ्याच कॉम्प्युटरवर आळीपाळीने बसायची. तिने सकाळीच सांगितलेलं, "अगं, लूपच्या आत महिरपी कंस उघड, सगळं आत लिही, बंद कर. दर बाळाला नवीन ऑब्जेक्ट मिळतं, वाचायला पण बरं."

मी म्हटलं, "तू तुझं बघ ना. मला क्लासात असंच शिकवलंय."

सर स्क्रीनवर वाकले. "न्यू ऑब्जेक्ट? हे आजीच्या ट्रंकेतून काढलं का?" सगळे हसले. "मशीन एक, बायका दोन. कोणी लिहिलंय?"

माझं पोर सात महिन्यांचं. सासूबाई म्हणालेल्या, नोकरी पक्की झाली तर सांभाळते, नायतर घरात बस नि भांडी घास. माझी दहावी पण झाली नाय, मला दुसरं कोण घेणार.

मी तिच्याकडे बोट केलं.

"सर, मी कंसानेच लिहिते, माझं जुनं काम बघा ना," ती म्हणाली.

"खोटं बोलतेय," मी म्हटलं.

सरांनी काय बघितलं नाय. "उद्यापासून येऊ नका," तिला म्हणाले. तिने डबा पिशवीत टाकला, माझ्याकडे बघितलं पण नाही.

ती जिना उतरेपर्यंत मी लूपच्या आत कंस उघडला, तिने सांगितलं तसंच लिहिलं. चाळीस बाळं, चाळीस नावं. सर म्हणाले, "बघ, जमतं की तुला."

मी मान हलवली. तुम्ही असता तर काय केलं असतं?