धाकटीचं न सापडलेलं पाप

मूर्खपणा माझाच. त्या माणसाला धाकटीच्या घरी मीच घेऊन गेले. येरवड्याहून थेट धायरीला, रिक्षात शेजारी बसवून, वाटेत उसाचा रस पाजून!

धाकटी म्हणजे माझी बहीण. अर्धांगाचा झटका आला, डावी बाजू गेली, तेव्हापासून ती पलंगावरच. हा माणूस घरोघरी प्रार्थनासभा घ्यायचा. त्याच्या प्रार्थनेनं कुणाकुणाचे गुडघे बरे झाल्याचं आमच्या चर्चच्या महिला मंडळात ऐकलं होतं. म्हटलं, बघू या.

त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवून अशी काही प्रार्थना ठोकली की शेजारच्यांनी टीव्ही बंद केला. धाकटीचा हात मात्र हलला नाही. तेव्हा डोळे उघडून म्हणाला, "बाई, विश्वास कमी पडतोय. आत कुठलं तरी पाप दडलंय. ते सापडल्याशिवाय तारण कसं व्हायचं, सुटका कशी मिळायची?"

आणि मी, नातवंडं असलेली बाई, चक्क मान डोलावली!

धाकटी पाप शोधायला लागली. मिशनच्या आवारातला चोरलेला पेरू आठवला. सासूबाईंना मारलेली थाप आठवली. जेवण सुटलं. मग आमच्या चर्चचे पाळक नेहमीप्रमाणे प्रभुभोजनाच्या विधीची भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला घेऊन तिच्या घरी आले, तर तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"मी लायक नाही, पाळकसाहेब. माझं पाप अजून सापडलेलं नाही."

माझं डोकंच फिरलं. आयुष्यभर ज्या भाकरीवर ही बाई जगली, ती हिच्या तोंडून काढून घेणारा हा कोण टिकोजीराव?

राग त्याच्यावर होता, तितकाच एका दोन वेण्यांच्या मुलीवरही. प्रेषितानं रोमच्या मंडळीला लिहिलेलं बायबलातलं ते लांबलचक पत्र त्या मुलीला अख्खं पाठ होतं. पाठांतर स्पर्धेत शेवटच्या सलाम-नमस्कारांपर्यंत तिनं ते धडाधड म्हणून दाखवलं आणि स्टीलचा डबा जिंकला. अर्थ? डब्याइतकाच रिकामा. पुढे ही शहाणी चर्चमधल्या मुलांच्या शब्बाथशाळेत शिकवायला लागली. पत्राच्या सुरुवातीची पापांची यादी अशी चवीनं शिकवायची, जणू ती सगळी शेजारणींनीच केली होती! त्यापुढची पानं तिनं कधी जीव लावून वाचलीच नाहीत.

ती शहाणी म्हणजे मीच. आता वाचली. धाकटीच्या पलंगाशी बसून, मोठ्यानं. दर दोन ओळींना माझा संताप वाढत होता. कारण तिथं सरळ लिहिलेलं आहे की कमी पडलेले सगळेच आहेत, पाठांतरवाले धरून. आणि तारण म्हणजे मजुरी नाही, देणगी आहे. विश्वास म्हणजे दंडाची ताकद दाखवणं नव्हे. नुसता हात पुढे करायचा, तोही रिकामा. इतकं साधं! मग आम्हाला इतकी वर्षं भीती कसली घालत होते? आणि आम्ही दुसऱ्यांना कसली घालत होतो?

तेवढ्यात बेल वाजली. तोच प्रार्थनावाला दारात. मी त्याला उंबऱ्यावरच अडवलं.

"अहो, आपण चष्मा लावता?"

"हो. का?"

"विश्वास कमी पडला का? का आत काही दडलंय?"

"बाई, आपण देवाच्या सेवकाशी बोलताय."

"दिसतंय ना. मला चष्मा आहे."

गेला. मी दार असं आपटलं की वरचा क्रूस वाकडा झाला.

पाळकांना मीच फोन करून पुन्हा बोलावलं. ते आले, टेबलावर पांढरा रुमाल अंथरला. धाकटी माझ्याकडे बघत राहिली.

"पेरूचं काय, अक्का?"

"पेरूसकट. सगळं फुकट आहे, बाई. आधी लायक व्हायचं आणि मग घ्यायचं, असं तिथं नाहीच."

तिनं उजवा हात पुढे केला. भाकर तोंडात गेली, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. आणि जीव भांड्यात पडल्याबरोबर तोंड सुटलं. पाळक रुमालाची घडी घालत होते आणि मी त्या माणसाचा उद्धार करत होते: ढोंगी आहे, भोळ्या आजाऱ्यांना छळतो, असल्याला देव दारातसुद्धा उभं करणार नाही!

धाकटीनं सावकाश घोट गिळला, तोंड पुसलं आणि म्हणाली, "फुकट म्हणालीस ना, अक्का? मग त्यालाही फुकटच मिळणार. का त्याच्यापुरती तुझी परवानगी लागणार आहे?"