फर्गसची भूक

आयलीन मक्रे ॲबर्डीनच्या एका संशोधनसंस्थेत बावीस वर्षं उंदीर सांभाळत होती. रोज सकाळी आधी उंदीर तोलायचा, मग पिंजऱ्यात उरलेलं खाणं तोलायचं, म्हणजे कोणी किती खाल्लं ते कळतं. काही उंदरांच्या मेंदूच्या तळाशी बारीकशी जखम केलेली असे. पोट भरल्याचा निरोप तिथंच पोचतो. तो पोचेनासा झाला की उंदीर खातच सुटतो, फुगून गोळा होतो. आयलीन त्यांना कुरवाळायची, त्यांच्याशी गप्पा मारायची. जीव होता तिचा त्यांच्यावर.

आणि घरी? घरी तिचा धाकटा भाऊ, फर्गस. पूर्वी मासेमारीच्या बोटीवर होता, चांगला काटक गडी. मेंदूच्या तळाशी गाठ झाली, ती काढली, जीव वाचला. पण नेमकी तीच जागा दुखावली. दोन वर्षांत वजन दुप्पट. असंच खात राहिला तर हृदय साथ देणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आयलीननं फडताळाला कुलूप घातलं. म्हातारी आई त्याला उठताबसता हावरट म्हणायची. मला सांगा, एवढं सगळं ठाऊक असलेल्या बाईनं आईला गप्प करायला नको होतं? नाही केलं.

मग आई गेली. दफन उरकून मंडळी रिवाजाप्रमाणे हॉटेलात जेवायला आली. वर खुसखुशीत पापुद्रा असलेलं मांसाचं कालवण, मयताच्या जेवणात असतंच ते. फर्गसनं तिसऱ्यांदा ताट भरून घेतलं. चुलतबहीण मोरॅग शेजारणीच्या कानाला लागली, "आईला मातीत ठेवून आलाय, आणि बघ कसा चापतोय."

आयलीननं ते ऐकलं आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरातरा गेली आणि त्याच्यापुढचं ताट ओढून घेतलं.

"लाज कशी वाटत नाही रे तुला? आजच्या दिवशी तरी."

 

"वाटते गं," फर्गस हळूच म्हणाला. "रोज वाटते. पण त्यानं भूक जात नाही." मग विचारलं, "तुझ्या उंदरांनाही असंच बोलतेस का?"

"नाही," ती म्हणाली. बावीस वर्षांत एकदाही नाही.

ती त्याच्या शेजारी बसली, सगळ्यांदेखत रडली, त्याचा हात हातात घेऊन माफी मागितली. फर्गसनं मान डोलावली आणि दुसरा हात ताटाकडे नेला. आयलीननं ताट लांब सरकवलं.