आक्काचा चोरीचा पुदिना

आक्का गेली तेव्हा मी शीळफाट्याला ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो.

शेजारच्या सीटवर पुदिन्याची कुंडी होती. तिला सीटबेल्ट लावलेला.

आज वर्ष झालं.

आक्का म्हणजे माझी मोठी बहीण. गावच्या शाळेतून दहावी होऊन आलो, तेव्हा तिने आणि दाजींनी डोंबिवलीच्या दोन खोल्यांत मला ठेवून घेतलं. नोकरी, लग्न, घोडबंदर रोडचा फ्लॅट, सगळं त्यानंतरचं.

शेवटची काही वर्षं ती खाली उतरलीच नाही. तिसरा मजला, लिफ्ट नाही, गुडघे गेलेले. गॅलरीच्या ग्रिलमधून दिसेल तेवढंच बाहेरचं जग.

त्या ग्रिलमध्ये एका फुटक्या बादलीत तिचा पुदिना. बाजारातल्या जुडीच्या काड्या पाण्यात ठेवून, मुळं फुटल्यावर लावलेला.

"जमिनीत असता तर कुठच्या कुठे पसरला असता," ती म्हणायची. "इथे आपला बादलीत गोल गोल फिरतोय. माझ्यासारखा."

आमच्या गावाकडे मानतात, मागून नेलेलं रोप लागत नाही. चोरून नेलेलं लागतं.

म्हणून मी रोप न्यायला गेलो की आक्का पाठ फिरवायची.

"मी काही बघत नाही हां. घे पटकन, मुळासकट."

मी पिशवीत टाकलं की ओरडायची, "अहो, घरात चोर शिरलाय! चहा टाका त्याच्यासाठी."

दाजी खरंच चहा टाकायचे.

मग ती हॉस्पिटलमध्ये गेली. दाजी दिवसभर तिच्यापाशी. गॅलरीतली तुळस, पुदिना, सगळं वाळून गेलं.

घरी आणली, पण अन्न पोटात ठरेना. एका संध्याकाळी तिचा फोन.

"दत्ता, तोंडाला चव नाही रे. पुदिना चुरडून घातलेलं ताक प्यावंसं वाटतंय. बाजारातला नको, त्याला वासच नसतो. माझा तुझ्याकडे आहे ना, तो आण."

"उद्या सकाळी येतो."

"आणि बायकोला पाठ फिरवायला सांग. मागून आणलास तर लागायचा नाही."

सकाळी बायकोने पाठ फिरवली. मी अख्खी कुंडीच उचलली.

शीळफाट्याला पुढे कंटेनर बंद पडलेला. मागे टेम्पो, दोन्ही बाजूंना रिक्षा. दार उघडायलाही जागा नाही.

तिथे दाजींचा फोन आला.

"दत्ता, सावकाश ये. घाई करू नको आता."

समजलं.

पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. काचा बंद, गाडीभर पुदिन्याचा वास. नामस्मरण करायला गेलो, तर नावच तोंडात येईना. रडूही येईना.

एका रिक्षावाल्याने काचेवर टकटक केलं. "काका, इंजिन बंद करा. इतक्यात काय हलत नाय."

बंद केलं. बसून राहिलो. तिकडे आक्का, इकडे तिचा पुदिना, आणि मध्ये ही सगळी माणसं हॉर्न वाजवत.

पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती. कुंडी गाडीतच ठेवावी हे सुचलंच नाही. ती घेऊनच तीन जिने चढलो.

समोरच्या काकू आक्काच्या उशाशी बसल्या होत्या. त्यांना मोतीबिंदू.

"बरं झालं बाबा, तुळस आणलीस. इथली वाळली."

मी काही बोलायच्या आत त्यांनी पान तोडलं आणि गंगाजळासोबत आक्काच्या ओठांवर ठेवलं.

मग त्यांनी स्वतःची बोटं हुंगली.

"अगं बाई! हा तर पुदिना!"

मी रोज पूजा करणारा माणूस. पान काढायला वाकलोच होतो.

दाजी म्हणाले, "राहू द्या. तिनेच मागवलेला."

नंतर खालच्या देवळातून तुळस आली, तीही ठेवली. पण पहिलं पान पुदिन्याचंच.

ती कुंडी मी परत घेऊन आलो. आता खालच्या भोकातून मुळं बाहेर आलीत. कुंडी बदलायला हवी. वर्षभर हात लावावासा वाटला नाही.

आक्का, आज सकाळी कुंडी खिडकीत ठेवली आणि पाठ फिरवून उभा राहिलो.

मी काही बघत नाही. घे पटकन, मुळासकट.

चहा टाकलाय.