सासूबाईंनी थांबवलेली बस

सांगली ते माधवनगर या रस्त्यावर आज जी काही चाकं फिरतात, ती फिरवणाऱ्या निम्म्या माणसांना माझ्या सासूबाईंनी एकदा तरी भोकाड पसरायला लावलेलं आहे. यात अतिशयोक्ती असलीच तर ती माझी नाही, कारण त्यांचा स्वतःचा दावा निम्म्यांचा नसून सगळ्यांचा आहे. सासूबाई नर्स होत्या. सायकलच्या कॅरिअरला लशीची पेटी बांधून त्या गिरणीच्या चाळींतून आणि आसपासच्या वस्त्यांवरून फिरायच्या आणि दिसेल त्या बाळाच्या दंडात नाहीतर मांडीत सुई टोचून पुढच्या घरी जायच्या. ती बाळं आता बाप्ये झाली. कुणी रिक्षा चालवतं, कुणी उसाचा ट्रॅक्टर, कुणी बस. पण सासूबाईंच्या लेखी ती सगळी अजून दुपट्यातच आहेत. चौकात शिट्टी फुंकणाऱ्या, झुबकेदार मिशीच्या पोलिसाला त्या सायकलवरून न उतरताच विचारायच्या, "काय रं, आई बरी हाय न्हवं तुजी? लय रडका हुतास बघ तू!" मग तो बिचारा शिट्टी खिशात घालायचा आणि त्यांना पुढे जायला वाट करून द्यायचा.

माझी आणि त्या सायकलची पहिली गाठ दिवाळसणाला पडली. मी मूळचा साताऱ्याचा. साताऱ्यातले रस्ते एक तर चढतात नाहीतर उतरतात, त्यामुळे आमच्याकडे सायकल चालवण्यापेक्षा ढकलण्याचाच प्रघात जास्त, आणि मी तर ती ढकलायलाही शिकलो नव्हतो. नवा कोरा झब्बा, हातात पेढ्यांचा पुडा, केसांना तेल, अशा थाटात मी सांगलीच्या स्टँडवर उतरलो. जावयाला न्यायला निदान रिक्षा तरी असेल अशी माझी माफक अपेक्षा होती. समोर सासूबाई एकट्याच सायकल धरून उभ्या. त्यांनी माझी बॅग हँडलला अडकवली आणि सायकल माझ्यापुढे केली. "चला पाव्हणं. तुमी चालवा, मी मागं बसते." मी खाली मान घालून खरं काय ते सांगून टाकलं. सासूबाईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "सायकल येत न्हाई? आन् आमी पोरगी दिली?" पण दिली होती खरी, आता इलाज नव्हता. "बसा मग मागं," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी भर बाजारातून, सणाची गर्दी कापत, माझी वरात सायकलच्या कॅरिअरवरून निघाली. दर चार दुकानांमागे एक ओळखीचं माणूस भेटे आणि सासूबाई वेग जराही कमी न करता ओरडून माझी ओळख करून देत, "आमचं जावई! साताऱ्याचं! सायकल येत न्हाई त्यास्नी!" एका ठिकाणी किंचित चढ लागला. त्यांना दम लागेल म्हणून मी भीतभीत उतरू का असं विचारलं, तर मागे न बघताच दम मिळाला, "गप बसा. तुमी हाललासा की तोल जातोय." घरी पोचलो तेव्हा बायको दारात ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती, आणि ती इतकी हसत होती की माझ्या कपाळाचं कुंकू नाकाच्या शेंड्यावर लागलं.

पुढे माझी बदली सांगलीला झाली, आम्ही सासूबाईंच्याच वसाहतीत घर घेतलं आणि त्यांचा दिनक्रम मला रोज बघायला मिळू लागला. नोकरीतून निवृत्त झाल्या तरी सायकल काही निवृत्त झाली नव्हती. भाजीला, देवाला, कुणाच्या बाळंतपणाच्या चौकशीला, सगळीकडे सायकल. रस्त्याची डावी कडा ही आपल्या नावावर असल्यासारखी त्या वागत. त्या कडेला कुणी गाडी उभी केली की त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जाई. एकदा बेकरीसमोर एक लांबलचक पांढरी मोटार अशी उभी होती, की सायकलवाल्याला थेट उसाच्या ट्रॉलीखालीच शिरावं लागेल. सासूबाईंनी काय करावं? आपली सायकल त्या मोटारीच्या दारालाच टेकवली आणि शेजारच्या टपरीवर चहा घ्यायला जाऊन बसल्या. थोड्या वेळाने मालक पावाची पिशवी घेऊन धावत आला. "आवं बाई, चरा पडंल की गाडीला!" "पडू दे. मला ट्रॉलीनं चिरडल्यापरास बरं." तो तावातावाने काही बोलणार, तेवढ्यात सासूबाईंनी त्याच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाल्या, "थांब थांब. वळखीचा दिसतोयस. दंड दाखव बघू." आणि त्या गृहस्थाने, देवाशपथ सांगतो, भर रस्त्यात शर्टाची बाही वर सारली. दंडावर लशीचा वण होता. पुढचं भांडण त्याच्या आजीच्या संधिवाताच्या चौकशीत विरून गेलं.

पण त्यांचा खरा जीव गुंतला होता तो आमच्या वसाहतीत येणाऱ्या बसमध्ये. स्वतः त्या बसमध्ये कधी पाऊल ठेवत नसत. "बस ती सायकल न येणाऱ्यांसाठी," असं म्हणून त्या माझ्याकडे बघत. मात्र सकाळच्या बसच्या वेळी त्यांची सायकल थांब्यावर हजर. कोण आलं, कोण यायचं राहिलं, हे त्या बघत, आणि गल्लीच्या तोंडाशी कुणी पळत येताना दिसलं की सायकल सरळ बसच्या पुढ्यात आडवी लावत. सगळ्यात जास्त वेळा ही आडवी सायकल आमच्या शेजारच्या भाभींसाठी लागे. भाभी घरी ब्लाउज, परकर शिवून सांगलीच्या दुकानांत पोचवतात. एवढं मोठं गाठोडं काखेत मारून पळायचं म्हणजे उशीर ठरलेलाच. ड्रायव्हर हॉर्न वाजवून वैतागे. "नर्सबाई, टायमिंग हाय आमाला!" "टायमिंग मला सांगू नगंस," सासूबाई म्हणत. "तुजी आई तुला गोवराच्या सुईला कवा घिऊन आलती ठावं हाय का? दुपार टळून गेल्याव! तवा मी पेटी उघडी ठेवून थांबले का न्हाई?" ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढून घेई. भाभी धापा टाकत चढत आणि मगच सायकल बाजूला होई.

अशात एका सकाळी कंडक्टरने खाली उतरून हळू आवाजात सांगितलं की आत वसाहतीत येणारी ही गाडी आता बंद होणार. माणसंच नसतात. पुढच्या महिन्यात मोजदाद होईल आणि तेव्हाही गाडी रिकामीच दिसली, तर ती मोठ्या रस्त्यावरूनच परस्पर निघून जाईल. खोटं काहीच नव्हतं. ज्याच्या त्याच्या दारात मोटारसायकल आली होती, माझ्याही; ती बायको चालवी, मी मागे बसे. आता मोठ्या रस्त्यापर्यंत चालायचं म्हणजे ट्रॉल्या आणि ट्रक यांच्या मधून, आणि भाभींनी ते गाठोडं घेऊन जायचं कसं? सासूबाईंनी त्या रात्री ट्रंकेतून जुना खडूचा डबा शोधून काढला.

दुसऱ्या दिवसापासून मोहीम सुरू झाली. मोहीम म्हटल्यावर त्यांना एकच मोहीम येते, पोलिओची. पोलिओच्या डोसाला घरोघर जाऊन जसं दारावर खडूने खूण करतात, तशी त्यांनी खूण सुरू केली. या घरातलं माणूस बसने गेलं, फाटकावर बरोबरची खूण. नाही गेलं, फुली. आणि बसमधून उतरणाऱ्या प्रत्येकाच्या डाव्या करंगळीच्या नखावर जांभळ्या मार्करचा ठिपका. सायकल हातात धरून त्या दारोदार चालत फिरत होत्या. वसाहतीत एकच गोंधळ उडाला. पलीकडच्या गल्लीत नव्यानेच राहायला आलेली एक बाई तान्हं बाळ घेऊन थांब्यावर रांगेत येऊन उभी राहिली आणि ड्रायव्हरलाच विचारू लागली, "डोस तुमीच पाजणार का?" म्हसवडकडून लेकीकडे आलेले एक म्हातारबुवा लोकांची रंगलेली नखं बघून संतापले. "आरं, मतदान हाय आन् मला कुणी सांगितलं न्हाई व्हय? मत द्यायचं कुणाला त्ये तरी सांगा!" सासूबाई म्हणाल्या, "बसला द्या." ते मुकाट्याने बसमध्ये चढले, सांगलीला जाऊन आले आणि करंगळी रंगवून घेऊन समाधानाने घरी गेले.

फुलीचा धसका मात्र भलताच. आमच्याकडे लोकांना देवाचा कोप चालेल, पण नर्सबाईंनी दारावर फुली मारली हे गल्लीला दिसणं चालणार नाही. बायका पहाटे ओल्या फडक्याने फुल्या पुसायच्या आणि सासूबाई सकाळी त्या पुन्हा काढायच्या. माझ्या दारावरही फुली होती, आणि जावई म्हणून ती इतरांपेक्षा जरा मोठीच होती. शेवटी, मध्यंतरी आमच्याच वसाहतीत राहायला आलेल्या त्या पांढऱ्या मोटारीच्या मालकाने चौकात, चारचौघांत विचारलं, "आमच्या दाराव फुली हाय ते बराबर. पर नर्सबाई, तुमच्या दाराव का न्हाई? तुमी तरी कवा बसलाय बसमदी?" सगळे चपापले. सासूबाईंनी खडू घेतला, आपल्या घरापर्यंत गेल्या आणि आपल्या फाटकावर हातभर लांबीची फुली काढून आत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई इस्त्रीचं लुगडं नेसून, पर्स काखेला लावून थांब्यावर आल्या, सायकलीवाचून. ही बातमी बस यायच्या आत गल्लीभर पसरली, आणि नर्सबाई बसमध्ये बसणार हे बघायला जी माणसं आली, ती सगळीच्या सगळी त्यांच्यामागून बसमध्ये चढली. मीही चढलो. पांढऱ्या मोटारीचा मालक दांड्याला लोंबकळत होता. भाभींचं गाठोडं माणसांच्या डोक्यांवरून हातोहात पुढे गेलं. कंडक्टरला तिकिटं फाडायला हात हलवता येईना, आणि तो हसतोय की रडतोय तेही कळेना. सासूबाई प्रवासी म्हणून मात्र कुणालाही नकोशा वाटतील अशा. ड्रायव्हरच्या पाठीमागे उभ्या राहून त्यांचं सुरू होतं, "हळू घे रं. डावीकडनं सायकलवाला चाललाय, त्याला जागा सोड. आरं, ब्रेक हाय का न्हाई तुज्या गाडीला?" पुढचा महिनाभर हीच जत्रा चालली. मोजदादीच्या दिवशी तर म्हणे एक मोटारसायकलसुद्धा वसाहतीबाहेर पडली नाही. गाडी राहिली. अजूनही येते, पूर्वीइतकी भरून नाही, पण येते.

त्यानंतर सासूबाई रोज बसनेच जाऊ लागल्या. बससाठी त्यांनी सायकल सोडली असं लोक कौतुकाने सांगू लागले, आणि मीही कचेरीत दोन-चार जणांना छाती फुगवून सांगितलं. एका दुपारी आम्ही दोघं सांगलीहून परत येत होतो. बस निम्मी रिकामी होती. मी त्यांना म्हणालो, "एवढी लाडकी सायकल, पण तुम्ही लोकांसाठी सोडलीत. सोपं नाही ते." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. तशाच बघत म्हणाल्या, "पाव्हणं, तुमी साधं हायसा. उजवा डोळा गेलाय माजा. काचबिंदू हाय, परत यायचा न्हाई म्हणालं डॉक्टर. गेल्या दिवाळीच्या आधी भाभीलाच धडकता धडकता ऱ्हायले." त्यांनी मांडीवरची पर्स सारखी केली. "मंग बस गेली आसती तर मी कुठं जाणार हुते? भाभीचं नाव पुढं केलं, पर काम माजंबी हुतंच की." आणि त्या खुदकन हसल्या. "लेकीला एवढ्यात सांगू नगा. तिला मी सांगते. रडंल ती लहानपणासारखी."

मला वाईट वाटलं, फार वाटलं. आख्ख्या गावाला दम देत फिरणारी ही बाई इतके महिने हे मनात ठेवून दारोदार सायकल हातात धरून चालत होती आणि आमच्यापैकी एकालाही, शेजारी राहणाऱ्या मलाही, ते कळलं नव्हतं. आमचा थांबा आला. मी आधी उतरून बाजूला उभा राहिलो, तर दारात येऊन त्या थबकल्या आणि त्यांनी हात पुढे केला. इतक्या वर्षांत त्यांनी माझा हात कधी धरला नव्हता. मी तो घट्ट धरला. बस थांबून होती. ड्रायव्हर आरशात बघत होता आणि त्याने हॉर्न वाजवला नाही.

"पायरी हाय न्हवं अजून एक?" त्यांनी विचारलं.

"आहे," मी म्हणालो. "सावकाश उतरा. घाई कुणाला नाही."